काउन्सिलचं घर विकत घेताना अर्जावरून वाजलं तर कुठं जायचं, काय मागायचं

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या) घरात भाड्यानं राहणारे आणि तेच घर राइट टू बाय खाली, म्हणजे भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घ्यायच्या कायदेशीर हक्काखाली, विकत घ्यायला निघालेले आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. अर्जाचा फॉर्म कसा भरायचा ते काउन्सिलच्या साइटवर मिळतंच, पण अर्ज गेल्यावर काउन्सिलनं नाही म्हटलं, किंमत भलतीच लावली, नाहीतर महिनोन् महिने काही उत्तरच दिलं नाही तर काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही, आणि मग लोक फोनवर तासन् तास भांडतात, रडतात, शेवटी कंटाळून अर्ज मागे घेतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण कायदा खरं तर भाडेकरूच्या बाजूनं बराच आहे, फक्त प्रत्येक भांडण सोडवायची जागा वेगळी आहे आणि प्रत्येकाला मुदत आहे. चुकीच्या ठिकाणी भांडत बसलात तर बरोबर असूनही हरता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये ही योजना २०१६ च्या ऑगस्टपासून बंद, वेल्समध्ये जानेवारी २०१९ पासून बंद. कार्डिफमधल्या चुलतभावाला हे फॉरवर्ड करून उपयोग नाही.

सगळ्यात आधी तारखा

एक वही करा किंवा फोनमध्ये नोट करा, काहीही चालेल, पण त्यात अर्ज कधी दिला, कसा दिला (हातानं, पोस्टानं, ईमेलनं), पोच कधी आली, काउन्सिलचं प्रत्येक पत्र कोणत्या तारखेचं आणि तुमच्या हातात कधी पडलं हे लिहा, लिफाफे सुद्धा टाकू नका. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल टाका, "आज आपलं अमुक बोलणं झालं, तुम्ही तमुक म्हणालात, चुकीचं असेल तर कळवा" एवढंच. फोनवर कुणी काय म्हणालं याला पुढं किंमत राहत नाही, पण या दोन ओळींच्या ईमेलला राहते.

तारखेवर इतका जोर देण्याचं कारण २१ नोव्हेंबर २०२४. त्या दिवसापासून सवलतीची कमाल रक्कम एकदम खाली आली. त्याआधी लंडनमध्ये १,३६,४०० पौंड आणि बाकी इंग्लंडमध्ये १,०२,४०० पौंडांपर्यंत सवलत मिळायची, आता भागानुसार १६,००० ते ३८,००० पौंड एवढीच, आणि लंडनच्या बहुतेक बरोंमध्ये (म्हणजे शहरातल्या वेगवेगळ्या काउन्सिलांच्या भागांत) तर १६,०००. त्या तारखेच्या आत अर्ज काउन्सिलकडे पोचला पाहिजे होता. शेवटच्या आठवड्यांत अर्जांचा नुसता पाऊस पडला आणि त्यातूनच एक मोठं भांडण उभं राहिलं, अर्ज वेळेत पोचला की नाही, आणि पोचला असेल तर तो पूर्ण भरलेला होता की नाही. तुमचं प्रकरण यातलं असेल तर पोस्टाची पावती, ट्रॅकिंग, ईमेल गेल्याची वेळ, काउन्सिलच्या पोर्टलवरचा रेफरन्स नंबर हे सगळं आत्ताच काढून ठेवा. आणि काउन्सिल म्हणत असेल की तुमचा फॉर्म अपुरा होता म्हणून तो अर्जच धरला नाही, तर नक्की काय अपुरं होतं ते लेखी विचारा. ओळख पटवणारा एखादा कागद मागाहून मागणं वेगळं, आणि मुळात अर्जच दिला नाही म्हणणं वेगळं, या दोन गोष्टी काउन्सिलला एकत्र करू देऊ नका.

जुन्या सवलतीतला अर्ज अजून चालू असलेल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तो मागे घेऊ नका. "सध्या मागे घ्या, कागद जमले की पुन्हा भरा" असं कुणी सांगितलं, अगदी गोड बोलून सांगितलं तरी नाही. पुन्हा भरलेला अर्ज नव्या तारखेचा, म्हणजे नव्या सवलतीचा. लंडनमधला ४,००,००० पौंडांचा फ्लॅट जुन्या कमाल सवलतीत २,६३,६०० ला पडत होता, नव्यात ३,८४,००० ला पडतो. एका सहीचा फरक १,२०,४०० पौंड.

आणि नवीन अर्ज करणार असाल तर हेही डोक्यात ठेवा की सरकारनं २०२५ मध्ये आणखी बदल जाहीर केलेत, सार्वजनिक घरमालकाकडं राहिल्याच्या तीन वर्षांऐवजी दहा वर्षांची अट, आणि सवलत किमतीच्या ५ टक्क्यांपासून फार तर १५ टक्क्यांपर्यंत. त्यासाठी कायदा बदलावा लागतो, म्हणून अर्ज टाकायच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते सरकारी साइटवर बघूनच टाका.

काउन्सिलनं नाही म्हटलं तर

अर्ज, म्हणजे आरटीबी वन नावाचा फॉर्म, मिळाल्यापासून चार आठवड्यांत काउन्सिलनं हो किंवा नाही सांगायलाच हवं. तुमची पात्रतेची वर्षं दुसऱ्या घरमालकाकडं, म्हणजे दुसऱ्या काउन्सिलकडं किंवा हाउसिंग असोसिएशनकडं गेली असतील तर त्यांना आठ आठवडे मिळतात. नकार असेल तर कारण लिहून द्यावं लागतं. "तुम्ही पात्र नाही" हे कारण होत नाही, १९८५ च्या हाउसिंग ॲक्टमधल्या कोणत्या तरतुदीखाली नाही म्हणताय ते विचारा. हे विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका कारण कारण कळल्यावरच कुठं जायचं ते ठरतं.

सगळ्यात जास्त वेळा वाद होतो तो वर्षांच्या मोजणीवर. सार्वजनिक घरमालकाकडची एकूण तीन वर्षं लागतात (२०१५ च्या मे महिन्याआधी पाच लागायची) आणि ती सलग असायची गरज नाही. मधे खाजगी भाड्यानं राहिलात, मग परत काउन्सिलकडं आलात तरी आधीची वर्षं धरली जातात. सुरुवातीच्या इन्ट्रोडक्टरी टेनन्सीच्या, म्हणजे चाचणीच्या भाडेकराराच्या, वर्षात अर्ज करता येत नाही पण ते वर्ष मोजणीत येतं. लष्कराच्या क्वार्टरमधला काळ येतो, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टच्या घरातलाही येतो, म्हणजे नर्स म्हणून हॉस्पिटलच्या घरात राहिलेल्या आपल्या मुलींनी हे जरूर तपासावं. जुन्या टेनन्सीचा कागद सापडत नसेल तर त्या घरमालकाला लेखी मागा, काउन्सिल टॅक्सची बिलं, भाड्याचे बँक स्टेटमेंट, जे असेल ते जोडा. काउन्सिलच्या कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे ती वर्षं झालीच नाहीत असं होत नाही.

दुसरं कारण आपल्या लोकांना फार लागू होतं, ते म्हणजे "तुम्ही इथं राहतच नाही". आईवडील आजारी म्हणून कुणी चार-सहा महिने भारतात जातं, शेजारी काहीतरी सांगतो, काउन्सिलचा माणूस दोनदा येऊन बेल वाजवून जातो आणि मग फ्रॉड टीमचं पत्र. कायदा म्हणतो की ते घर तुमचं एकमेव किंवा मुख्य घर असायला हवं, आणि हे फक्त अर्जाच्या दिवशी नाही तर विक्री पूर्ण होईपर्यंत. पण तात्पुरतं बाहेर गेलं म्हणजे घर सोडलं असं नाही, परत यायचा खरा इरादा आणि तो दिसेल असं काहीतरी मागं राहिलेलं असलं की पुरतं. सामानसुमान, चालू असलेलं लाइट-गॅसचं बिल, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) नोंदणी, परतीचं तिकीट, तिकडच्या हॉस्पिटलचे कागद. लांब जायचं असेल तर जायच्या आधीच हाउसिंग ऑफिसरला ईमेल करून सांगा, किती दिवस, का, आणि घरात कोण आहे. घर कुणाला भाड्यानं दिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, २०१३ पासून काउन्सिलचं घर असं परस्पर भाड्यानं देणं गुन्हा आहे, तिथं राइट टू बाय सोडा आणि आधी वकील गाठा.

भाडं थकलेलं असेल तर अर्ज रद्द होत नाही, पण रीतसर मागितलेलं भाडं चार आठवडे भरलं नसेल तर ती थकबाकी फिटेपर्यंत विक्री पूर्ण करायला काउन्सिल बांधील नाही. म्हणून वाद कितीही तापला तरी भाडं थांबवू नका, रागानं भाडं अडवणं म्हणजे आपणच त्यांच्या हातात कारण देणं. घर खाली करायचा कोर्टाचा आदेश झालेला असेल तर मात्र हक्कच वापरता येत नाही, आणि तसा दावा नुसता चालू असेल तरी कोर्ट आधी तो दावा ऐकून मग राइट टू बायचं बघू असं म्हणू शकतं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९८ मध्ये ब्रिस्टल काउन्सिलच्या प्रकरणात तसंच केलं होतं. त्यामुळं असा दावा अंगावर असेल तर पहिली ताकद तिथं लावा.

या सगळ्या प्रश्नांसाठी, म्हणजे हक्क आहे की नाही, वर्षं पुरी होतात की नाही, तिथं राहता की नाही, शेवटची जागा काउंटी कोर्ट. त्याबद्दल खाली लिहिते.

"हे घर वयस्कर लोकांसाठीचं आहे"

हा नकार बंगल्यांना (इथं बंगला म्हणजे एकमजली घर) आणि तळमजल्यावरच्या छोट्या फ्लॅटना हमखास येतो आणि यासाठी काउंटी कोर्ट नाही, फर्स्ट-टियर ट्रिब्युनल आहे, प्रॉपर्टी चेंबर. नकाराच्या पत्रापासून ५६ दिवसांत अपील. काउन्सिलच्या तक्रार विभागाला पत्रं लिहीत बसलात आणि ५६ दिवस गेले तर पुढची वाट जवळजवळ बंद. म्हणून हे पत्र आलं की त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा, तक्रार करायची तर करा पण अपील समांतर टाका.

काउन्सिलला इथं तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. घर पहिल्यांदा भाड्यानं दिलं गेलं ते १ जानेवारी १९९० च्या आधी. तुम्हाला (किंवा तुमच्या आधी ज्यांच्याकडून ती टेनन्सी आली त्यांना) ते दिलं तेव्हा साठ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसानं राहावं म्हणून दिलं. आणि जागा, आकार, रचना, हीटिंग वगैरे बघता ते वयस्कर लोकांसाठी खास योग्य आहे. दुसऱ्या मुद्द्याकडं नीट बघा, इथंच बरेच नकार कोसळतात. तुम्ही घर घेतलंत तेव्हा तुमचं वय ४८ होतं, घरात सासूबाई वगैरे साठीच्या वरचं कुणी नव्हतं, तर आज तुम्ही ६७ चे असलात तरी हे कारण चालत नाही. टेनन्सीचा जुना करार आणि तेव्हाचा हाउसिंगचा अर्ज काढा.

तिसऱ्या मुद्द्यावर ट्रिब्युनल घर बघायला येऊ शकतं. सरकारी मार्गदर्शनात ज्या गोष्टी बघायला सांगितल्यात त्या साध्या आहेत, दारापर्यंत चालत सहज जाता येतं का, तीन किंवा जास्त पायऱ्या असून कठडा नाही असं आहे का, खोल्या एकाच मजल्यावर आहेत का, बेडरूम दोनपेक्षा जास्त आहेत का, वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, हीटिंग रात्रभर सुरक्षित चालू ठेवता येतं का, ब्रेड-दूध मिळणारं दुकान आणि बसस्टॉप किती लांब. टेप घेऊन पायऱ्या मोजा, उतार किती आहे त्याचे फोटो काढा, दुकानापर्यंत चालत जाऊन बघा, वाटेत चढ असेल तर तो लिहा. तुमच्या स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, प्रश्न तुमच्या तब्येतीचा नसून स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या सर्वसाधारण वयस्कर माणसाला ते घर खास सोयीचं आहे का एवढाच असतो. आणि तुम्ही स्वतःच्या पैशानं बसवलेला कठडा किंवा शॉवर काउन्सिलच्या बाजूनं धरला जात नाही, तो आधी नव्हता हे सांगा.

किमतीवरून वाद

आता खरी लढाई इथं आहे, असं माझं मत. आधी सवलत मोठी होती म्हणून किमतीत थोडं इकडंतिकडं झालं तर लोक सोडून द्यायचे. आता सवलतीची कमाल मर्यादा इतकी खाली आहे की टक्केवारीचा प्रश्नच येत नाही, कागदावर घराला ३५ टक्के आणि फ्लॅटला ५० टक्क्यांपासून सवलत सुरू होते पण प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्यांना मर्यादेची रक्कमच मिळते. म्हणजे काउन्सिलनं किंमत २०,००० पौंडांनी जास्त लावली असेल तर ते सगळे २०,००० तुमच्या खिशातून जातात, लंडनमध्ये तर तुमच्या अख्ख्या सवलतीपेक्षा जास्त.

काउन्सिलची ऑफर म्हणजे त्याच १९८५ च्या कायद्यातल्या सेक्शन १२५ ची नोटीस. ती हक्क मान्य केल्यापासून स्वतंत्र घराला ८ आणि फ्लॅटला १२ आठवड्यांत यायला हवी. त्यातली किंमत पटली नाही तर तीन महिन्यांच्या आत काउन्सिलला लेखी कळवायचं की मला डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडून किंमत ठरवून हवी. हा सरकारी माणूस, काउन्सिलचा नाही, आणि यासाठी तुमच्याकडून फी घेत नाहीत. तो ठरवेल ती किंमत दोघांवर बंधनकारक, आणि ती वरही जाऊ शकते हे आधीच समजून घ्या. वर गेली तर तुम्ही अर्ज मागे घेऊ शकता, पण जुन्या सवलतीवाल्यांनी हे दहादा विचार करून करावं.

मागणी केल्यावर आपली बाजू मांडायला साधारण चार आठवडे मिळतात आणि इथं लोक काहीच पाठवत नाहीत याचं मला फार आश्चर्य वाटतं! काय पाठवायचं? लँड रजिस्ट्रीवरच्या खऱ्या विक्रीच्या किमती, तुमच्याच ब्लॉकमधल्या किंवा गल्लीतल्या, आणि तुमच्या अर्जाच्या तारखेच्या आसपासच्या. इस्टेट एजंटच्या जाहिरातीतल्या किमती नकोत, त्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नाही. किंमत ठरते ती तुम्ही अर्ज दिला त्या दिवसाची, आजची नाही. प्रकरण दोन वर्षं रखडलं आणि मधे भाव वाढले तर तो फायदा तुमचा, काउन्सिल नवीन भाव लावायला लागली तर तिथंच थांबवा.

दुसरं, तुम्ही केलेल्या सुधारणा किमतीत धरायच्या नाहीत असं कायदाच सांगतो. नवं किचन, डबल ग्लेझिंग, सेंट्रल हीटिंग, मागचं वाढवलेलं बांधकाम, जे तुम्ही केलं असेल त्याची यादी, बिलं, जुने फोटो द्या. बिलं नसतील तर घरातल्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मागं दिसणारं जुनं किचन सुद्धा पुरावा होतो, अल्बम चाळा. तसंच ओल, भेगा, क्लॅडिंगचा प्रश्न, गळकं छत, काउन्सिलकडं केलेल्या दुरुस्तीच्या तक्रारी हे सगळं लिहा. पण तुमच्याच हलगर्जीपणानं जे खराब झालंय त्याचा फायदा मिळत नाही. व्हॅल्युअर येईल त्या दिवशी घरी थांबा आणि सगळं स्वतः दाखवा. त्याच्या निकालात ठळक चूक झाली असेल तर फेरतपासणी मागायची सोय २००८ च्या कायद्यानंतर आहे, पण त्याची मुदत छोटी, म्हणून निकाल आला की लगेच वाचा.

कधीकधी किंमत पटते पण सवलतच गायब असते आणि पत्रात कॉस्ट फ्लोअर असा शब्द असतो. म्हणजे काउन्सिलनं गेल्या १० वर्षांत त्या घरावर (नवीन बांधलेलं किंवा घेतलेलं असेल तर १५ वर्षांत) जेवढा खर्च केला, सवलत दिल्यावर किंमत त्याच्या खाली जाऊ शकत नाही. इथं हिशेब मागा, कामवार, तारीखवार. ब्लॉकच्या एकूण कामाचा तुमच्या फ्लॅटवर टाकलेला वाटा कसा काढला ते विचारा. कागदावरची सगळी कामं खरंच तुमच्याच पत्त्यावर झाली का बघा, जे किचन तुम्हाला कधी बसवलंच नाही त्याचा खर्च तुमच्या नावावर नको. तसंच तुम्ही किंवा जोडीदारानं आधी कधी ही सवलत घेतली असेल तर ती वजा होते, ते लपवू नका.

फ्लॅटवाल्यांनी एवढं वाचाच

सेक्शन १२५ च्या नोटिशीत पहिल्या पाच वर्षांचा सर्व्हिस चार्ज आणि मोठ्या कामांचा अंदाज द्यावा लागतो, आणि त्या पाच वर्षांत काउन्सिल त्या अंदाजापेक्षा (महागाई धरून) जास्त मागू शकत नाही, ज्या सुधारणा त्यात लिहिल्याच नाहीत त्यांचे पैसे त्या काळात मागता येत नाहीत. इमारतीत काउन्सिलला माहीत असलेला स्ट्रक्चरल दोष असेल तर तोही नोटिशीत सांगावा लागतो. म्हणून ही नोटीस आयुष्यभर जपून ठेवा. मला भेटलेल्या कितीतरी जणांना छताच्या कामाचं हजारो पौंडांचं बिल आल्यावर हे कळलं, आणि तोवर नोटीस हरवलेली.

काउन्सिल गप्प बसली तर

दिरंगाई ही राइट टू बायच्या जन्मापासूनची गोष्ट आहे. १९८० च्या कायद्यानं हा हक्क आला आणि नॉर्विच काउन्सिलनं विक्री इतकी संथ चालवली की मंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी ते काम त्यांच्याकडून काढून स्वतःच्या खात्याकडं घ्यायचं ठरवलं, काउन्सिल कोर्टात गेली आणि १९८२ मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्ये हरली. आज मंत्री तुमच्यासाठी येणार नाही, पण दोन फॉर्म आहेत.

पहिला आरटीबी सिक्स. काउन्सिलनं वर सांगितलेली कुठलीही मुदत चुकवली, हो-नाहीची, ऑफरची, किंवा नंतर विक्री उगाच रखडवली, तर हा भरून द्यायचा. त्यात तुम्ही त्यांना मुदत देता, निदान एक महिन्याची. त्या काळात एकतर त्यांनी काम पुढं सरकवायचं नाहीतर आपली चूक नाही असं कारणांसह उलट नोटीस द्यायची. दोन्ही झालं नाही तर दुसरा फॉर्म, आरटीबी एट, आणि तो दिल्यापासून दिरंगाई संपेपर्यंत तुम्ही भरलेलं भाडं घराच्या किमतीतून वजा होतं. खरंच होतं, पण आपोआप नाही, फॉर्म दिलेला असेल तरच. म्हणून रागाच्या दहा ईमेलपेक्षा हा एक फॉर्म द्या, पोच घ्या, आणि शेवटच्या हिशेबात सॉलिसिटरला ती वजावट दाखवायला सांगा.

दिरंगाई काउन्सिलची की आपली हे मात्र प्रामाणिकपणे बघा. ते मॉर्गेजचा कागद, पैसे कुठून आले त्याचा पुरावा, ओळखपत्र मागत असतील आणि आपण दिलंच नसेल तर त्यांची उलट नोटीस बरोबर ठरते.

घरच्यांचं नाव, घरच्यांचे पैसे

मुलगा पैसे देतो, आईबाबांच्या नावाचं घर, असं आपल्याकडं सर्रास असतं आणि इथंच काउन्सिलला शंका येते. नियम असा की भाडेकरूबरोबर घरातल्या तीनपर्यंत नातेवाइकांना अर्जात सामील करता येतं, पण ते गेले १२ महिने त्याच घरात मुख्य घर म्हणून राहत असले पाहिजेत, नवराबायकोला ही १२ महिन्यांची अट नाही. मुलगा दुसरीकडं राहत असेल तर तो पैसे देऊ शकतो, नाव लागत नाही. खोटा पत्ता दाखवून नाव लावायचा प्रयत्न करू नका, त्यात अर्ज जातो आणि टेनन्सीही जाऊ शकते. पैसे दिल्याचं लेखी, दोघांना वेगवेगळा वकील, हे करा. नंतर भावाभावांत जी भांडणं होतात ती मी इथं लिहीत नाही, पण ती होतात.

घरात खरंच राहणारं मूल असेल आणि आईवडील थकलेले असतील तर त्याला सुरुवातीपासून अर्जात घ्या, हे फार मनापासून सांगते. विक्री पूर्ण व्हायच्या आत भाडेकरू गेला आणि टेनन्सी पुढं घेणारं कुणी नसेल तर अर्जही त्याच्याबरोबर संपतो. एप्रिल २०१२ नंतरच्या टेनन्सीत कायद्यानं वारसा फक्त जोडीदाराला मिळतो, मुलांना करारात लिहिलं असेल तरच. पण अर्जात रीतसर सामील केलेलं मूल संयुक्त भाडेकरूसारखं धरलं जातं, हॅरो काउन्सिलच्या एका जुन्या प्रकरणात आई गेल्यावर कोर्ट ऑफ अपीलनं मुलीचा हक्क असाच मान्य केला होता.

आणि "आम्ही पैसे भरतो, घर नंतर आम्हाला द्या" म्हणणाऱ्या कंपन्यांना दारात उभं करू नका. पुढं विकायचा तसा करार हा विक्रीच धरला जातो आणि सवलत परत मागितली जाते. पहिल्या वर्षात पूर्ण सवलत, मग दरवर्षी एक पंचमांश कमी, अशी पाच वर्षं, आणि ती घराच्या तेव्हाच्या किमतीच्या प्रमाणात.

इमारत पाडणार असतील तर

सुरुवातीची डिमॉलिशन नोटीस आली तर अर्ज करता येतो पण काउन्सिल विक्री पूर्ण करायला बांधील नाही, शेवटची नोटीस आली की अर्जच संपतो. सर्व्हेचा, वकिलाचा झालेला वाजवी खर्च मागता येतो, त्याची मुदत तीन महिने, मागितल्याशिवाय देत नाहीत.

तक्रार, ऑम्बड्समन, कोर्ट

काउन्सिलची तक्रार प्रक्रिया दोन टप्प्यांची असते, ती पूर्ण करा, शेवटच्या पत्रात कोणत्या ऑम्बड्समनकडं जायचं ते लिहिलेलं असतं. ऑम्बड्समन, म्हणजे तक्रारींची तपासणी करणारा स्वतंत्र अधिकारी, वागणूक, दिरंगाई, चुकीची माहिती यासाठी बरा, भरपाई सुचवतो, पण तुम्हाला हक्क आहे की नाही हा निवाडा त्याचा नाही. तो काउंटी कोर्टाचा. अर्ज मान्य झालाय, अटी ठरल्यात, तरी काउन्सिल विकत नाही, तर कोर्ट त्यांना विक्री पूर्ण करायचा आदेश देऊ शकतं. मात्र हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून आधी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा शेल्टर या सल्ला देणाऱ्या संस्थांकडं कागद दाखवा, मग हाउसिंगचं काम करणारा सॉलिसिटर, नुसता घरखरेदीचे कागद करणारा नको. त्याच्याकडं जाताना ती तारखांची वही घेऊन जा, त्याचा वेळ वाचतो म्हणजे तुमचे पैसे वाचतात.

या सगळ्यात तुमच्या बाजूच्या मुदती सुटू देऊ नका. ऑफर आल्यापासून १२ आठवड्यांत घेणार की नाही ते लेखी कळवायचं, नाहीतर आठवणीचं पत्र येतं आणि त्यानंतर २८ दिवस. व्हॅल्युअरकडं गेला असाल तर हे १२ आठवडे त्याच्या निकालानंतर मोजतात. पुढं सगळं ठरूनही तुम्ही पूर्ण करत नसाल तर काउन्सिल पहिली नोटीस देते, किमान ५६ दिवसांची, मग दुसरी, तीही किमान ५६ दिवसांची, आणि दुसरीची मुदत गेली की अर्ज मागे घेतला असं धरतात. पहिली नोटीस आली आणि एखादा मुद्दा अजून वादात असेल तर त्याच मुदतीत लेखी सांगा, कोणता मुद्दा आणि का. मॉर्गेजची ऑफर संपत आली असेल तर ती वाढवून घ्या, आणि दुसरी नोटीस हातात पडली तर त्याच दिवशी सॉलिसिटरला फोन करा.